नौकेवरची सुट्टी आणि डब्यातला इम्पेलर

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शिडाच्या नौकेवर घर थाटून राहणाऱ्यांविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून लेख येतात. त्यांत सूर्यास्त असतो, डोलकाठीवर बसलेला पक्षी असतो, डेकवर वाळत घातलेले कपडे असतात. त्यातले काही खोटे नसते. राहून जाते ते इतकेच, की दुकानदार, मेकॅनिक, कुरिअरवाला आणि मरीनाचे, म्हणजे नौका बांधून ठेवण्याच्या बंदराचे, कार्यालय ज्या आठवड्यात एकदम सुट्टीवर जातात, नेमका त्याच आठवड्यात नौकेवरचा पंप बसतो. नौकेवर राहणारे याला नशीब म्हणतात. आमच्या मते यात नशिबाचा भाग फार थोडा आहे. सुट्टीत माणसे वाढतात, भार वाढतो आणि महिनोन्महिने धक्क्याला बांधलेली बोट एकदम लाटांवर नेली जाते. त्यामुळे जे आधीच अर्धे गेलेले असते ते पूर्ण जाते. कुठले भाग आधी जातील हे बऱ्याच अंशी सांगता येते. म्हणून हे पत्र जरा लांबले तरी चालेल, अशी आशा आहे.

सुरुवात संडासापासून केलेली बरी, कारण पाहुणे आल्यावर पहिली तक्रार तिथूनच येते. हातपंपाच्या संडासात एका वेळी साधारण तीन लिटर पाणी मैला साठवण्याच्या टाकीत जाते. चार माणसे, दिवसातून प्रत्येकी पाच वेळा, म्हणजे 60 लिटर. बऱ्याच मध्यम नौकांवर टाकीच तेवढी असते. दोघांना दोन दिवस पुरणारी टाकी पाहुण्यांसकट एका दिवसातही भरू शकते आणि टाकी उपसून देणारे केंद्र त्या दिवशी बंद असते. टाकी काठोकाठ भरली की मैला हवेच्या नळीत चढतो, तिथे वाळतो आणि ती नळी बुजते. मग पंप जड लागतो, वास येतो आणि लोक आणखी जोर लावतात. जोर लावून सुटणारी ही गोष्ट नव्हे. पंप जड झाला की आधी हवेच्या नळीचे बाहेरचे तोंड पाहावे आणि तिथून गोड्या पाण्याचा पाइप लावून उलटे पाणी सोडावे. बुजलेल्या हवेच्या नळीनिशी टाकी बाहेरून ओढून घेतली, तर टाकी आत चेपू शकते.

दुसरा बिघाड जोकर व्हॉल्व्हचा. संडासाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर रबराची ओठांसारखी एक झडप असते, तिला हे नाव आहे. खारे पाणी आणि लघवी यांच्या संयोगाने चुनखडीसारखा थर जमतो, ओठ मिटत नाहीत आणि भांड्यात गढूळ पाणी हळूहळू परत येते. इथे पाण्याचा रंगच निदान सांगतो. गढूळ पाणी परत येत असेल तर दोष जोकर व्हॉल्व्हचा. स्वच्छ समुद्राचे पाणी चढत असेल तर दोष आत येणाऱ्या बाजूचा, म्हणजे नळीच्या उंच वळणावरची हवा घेणारी झडप अडकली आहे आणि समुद्र सायफनने आत येतो आहे. ही दुसरी गोष्ट नुसती घाण नाही, तिने बोट बुडते. अशा वेळी आत येणारा सीकॉक, म्हणजे बोटीच्या अंगातल्या भोकावरचा झडपनळ, प्रत्येक वापरानंतर बंद करावा. दुरुस्ती होईपर्यंत दुसरा उपाय नाही.

जोकर व्हॉल्व्ह बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे. आधी दोन्ही सीकॉक बंद करून भांडे कोरडे पंप करावे. खाली जुना टॉवेल अंथरावा, हातमोजे घालावेत, बाहेरच्या तोंडाचे स्क्रू काढून जुना व्हॉल्व्ह ओढून घ्यावा. नवा बसवताना ओठ बाहेरच्या दिशेला असले पाहिजेत. उलटा बसला तर पंप हलणारच नाही आणि पहिल्याच जोरात सांधा फुटेल. थर पातळ असेल तर रात्रभर व्हिनेगर भरून ठेवल्याने बराच सुटतो. पिस्टनला वंगण लागतेच, पण ते वनस्पती तेलाचे किंवा सिलिकॉन ग्रीसचे असावे. इंजिनाच्या तेलाने आतले रबर फुगते आणि आठवड्याने पुन्हा तेच काम निघते.

आता बिल्ज. बोटीच्या तळाशी पाणी साचते ती जागा. अर्धा मीटर खोलीवर दीड इंच व्यासाचे भोक उघडले, म्हणजे एक नळी निसटली, तर मिनिटाला सव्वाशे ते दोनशे लिटर पाणी आत येते. तासाला 2000 गॅलनचा पंप कागदावर मिनिटाला 126 लिटर फेकतो. तो आकडा शून्य उंचीचा आणि पूर्ण व्होल्टेजचा असतो. दीड मीटर वर चढवून, लांब वायरमधून आणि कोंबड्याच्या नरड्यासारख्या वळ्यांच्या स्वस्त नळीतून गेल्यावर निम्मा ते पाऊण उरतो. आतून गुळगुळीत असलेली नळी घातली तर फरक लगेच दिसतो. थोडक्यात, बिल्ज पंप ठिबकण्यासाठी असतो, भोकासाठी नसतो. भोकासाठी मऊ लाकडाची निमुळती गुडदी हवी, प्रत्येक सीकॉकला दोरीने बांधलेली, त्या त्या मापाची. गुडद्या एका डब्यात एकत्र ठेवल्या तर पाणी चढत असताना तो डबा सापडत नाही.

पण सुट्टीत बुडणाऱ्या बोटीचे खरे कारण बहुधा भोक नसते. ती साखळी वेगळीच आणि फार साधी असते. ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो त्या सांध्यातून, थोडे पाणी ठिबकत असते. फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढले की पंप चालू करणारा तरंगता खटका, दर तासाला पंप चालवतो. बोट धक्क्याच्या विजेवर असल्याने बॅटरी भरत राहते आणि कोणाला काही कळत नाही. सुट्टीच्या रात्री धक्क्यावरचा ब्रेकर पडतो, त्याची पेटी कुलूपबंद, किल्लीवाला गावाला. पंप बॅटरीवर चालत राहतो, तीन-चार दिवसांत बॅटरी संपते आणि पाणी चढू लागते. मालकही गावाला गेलेला असेल तर परत येईपर्यंत जमिनीवरच्या पाट्या तरंगत असतात. यावर उपाय असा, की पंपाला चालू झाल्याची मोजणी करणारा छोटा काउंटर लावावा आणि रोज आकडा लिहावा. आकडा वाढू लागला की ठिबक वाढली. मोजणी नसेल तर एक दिवस स्विच बंद करून संध्याकाळी पाणी किती साचले ते मगाने मोजावे.

फ्लोट स्विच तेल, केस आणि साबणाच्या साक्याने अडकतो. महिन्यातून एकदा हाताने उचलून पंप खरेच पाणी फेकतो का ते बाहेर वाकून पाहावे. मोटरचा आवाज आला म्हणजे पाणी गेले असे नाही. पंपाचा फ्यूज पंपावर लिहिला असेल तेवढाच घालावा. मोठा फ्यूज घातला की पाते कचऱ्याने अडकल्यावर फ्यूज उडत नाही, वायर तापते. वायरीचा जोड पाण्याच्या पातळीच्या वर, कल्हई केलेल्या तांब्याच्या वायरीचा आणि आतून गोंद असलेल्या हीट-श्रिंक नळीत असावा. नुसता पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड बिल्जमध्ये हिरवा पडतो. नुसता डाग देऊनही भागत नाही, कारण कंपनाने वायर डागाच्या कडेला तुटते. आणि पंप बिघडला तर सुट्टीत तो उघडून बसू नये. अख्खा पंप सुटा ठेवावा, बदलावा, जुना नंतर सावकाश उघडावा.

ग्लँडविषयी दोनच शब्द. दोरीच्या पॅकिंगची जुनी ग्लँड शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब गाळते, गाळायलाच हवी. तेच पाणी तिला थंड ठेवते. बोट उभी असताना ठिबक जवळजवळ थांबली पाहिजे. ठिबक वाढली तर चेक नट, म्हणजे मोठ्या नटाला जागेवर धरणारा नट, सैल करून मोठा नट षट्कोनाच्या एका बाजूइतका फिरवावा, चेक नट पुन्हा आवळावा, इंजिन गिअरमध्ये चालवून ग्लँडला हात लावून पाहावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर जास्त आवळले गेले. पॅकिंग बदलायचे असेल तर मात्र सुट्टी संपू द्यावी. पाण्यात तरंगत्या बोटीत ते करता येते हे खरे, पण जुन्या दोरीचा शेवटचा वेढा निघाला नाही किंवा नटाचे आटे गेले तर बोट उचलणारी क्रेन बंद असते.

इंजिनाकडे येऊ. बंदरातून बाहेर पडल्यावर विसाव्या मिनिटाला इंजिन धडपडून बंद पडणे हा सुट्टीतला सर्वात ठरावीक बिघाड. डिझेलच्या टाकीत हवेतल्या दमटपणाचे पाणी तळाला साचते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवांचा काळा चिकट साका वाढतो. धक्क्याला तो शांत पडून असतो. पहिल्या लाटेवर टाकी ढवळली जाते, साका गाळणीत जातो, गाळणी तुंबते, पंप ओढून ओढून कुठल्या तरी सैल सांध्यातून हवा घेतो आणि इंजिन एअर धरते. टाकी सुट्टीआधी भरून ठेवली तर पाणी कमी साचते. पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरच्या काचेच्या वाटीतून तळाचे पाणी आधीच काढून टाकावे. या फिल्टरच्या 10 किंवा 30 मायक्रॉनच्या तीन-चार गाळण्या बोटीवर असाव्यात, एक नव्हे. साका सुटला की पहिली गाळणी तासाभरात भरते.

एअर काढण्याची पद्धत जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनांसाठी अशी. नवी गाळणी डिझेलने भरूनच बसवावी, म्हणजे अर्धे काम तिथेच होते. मग इंजिनावरच्या दुसऱ्या फिल्टरचा वरचा स्क्रू दोन फेरे सैल करावा आणि लिफ्ट पंपाची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची, दांडी हाताने मारत राहावी. दांडी ढिली लागली, दाब येईना, तर पंप बिघडला असे समजू नये. आतला कॅम उंच बाजूला थांबलेला असतो. इंजिन अर्धा-एक फेरा फिरवले की दांडीला पुन्हा दम येतो. फेसाऐवजी सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. तेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर. तरीही इंजिन लागले नाही तर इंजेक्टरवरचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारावा आणि डिझेलचे थेंब दिसले की एकेक नट आवळत जावे. डोळ्यांवर चष्मा हवा, सांध्याजवळ उघडे बोट नको. दाबाने सुटलेले डिझेल कातडीत शिरू शकते. कॉमन-रेल, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या, इंजिनावर हे नट कधीच सोडू नयेत, तिथला दाब वेगळ्याच जातीचा असतो. स्क्रूखालची तांब्याची वॉशर दोनदा वापरली की तिथूनच हवा शिरते. नवी नसेल तर जुनी लालबुंद तापवून थंड करावी, ती पुन्हा मऊ होते.

इथे एक चूक फार महागात पडते. इंजिन लागत नाही म्हणून लोक सेल्फ मारत राहतात आणि खाऱ्या पाण्याचा सीकॉक उघडाच असतो. प्रत्येक फेऱ्याला पंप पाणी ढकलतो, पण ते बाहेर फेकायला सायलेन्सरमध्ये धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी मागे सरकून सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून एअर काढताना सीकॉक बंद ठेवावा आणि इंजिन लागताक्षणी उघडावा. विसरू नये म्हणून इंजिनाची किल्ली सीकॉकच्या दांडीला अडकवण्याची सवय चांगली. किल्ली घ्यायला गेलो की नळ आठवतो. सेल्फ पुन्हा मारताना मात्र एक जण नळापाशी बसलेला असावा.

हा सीकॉक उघडायचा राहिला, की लगेच इम्पेलर जातो. खारे पाणी ओढणाऱ्या पंपातले रबराचे चाक पाण्यावरच वंगणले जाते. कोरडे चालले तर मिनिटाभरात पाकळ्या फाटतात. इंजिन तापले तर पाहण्याचा क्रम असा: सीकॉक, गाळणीतला कचरा, तळाच्या तोंडावर चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, मग इम्पेलर, मग पट्टा. एक्झॉस्टमधून पाण्याऐवजी नुसती वाफ येत असेल तर थर्मोस्टॅट शोधत बसू नये, दोष खाऱ्या पाण्याच्या बाजूलाच आहे.

इम्पेलर बदलताना सीकॉक बंद करून झाकणाचे छोटे पितळी स्क्रू काढावेत. ते घसरतात आणि बिल्जमध्ये पडतात. पितळ आणि चांगले स्टेनलेस दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, तेव्हा चुंबक घेऊन बसण्याचा उपयोग नाही. आधीच खाली फडके ठासावे. चाक ओढण्याचे पुलर नसेल तर दोन बोथट स्क्रू-ड्रायव्हरनी समोरासमोर उचलावे, पण पंपाच्या काठावर थेट टेकवू नयेत. काठ खरचटला की झाकण गळते. जुन्या चाकाच्या पाकळ्या मोजाव्यात. एखादी कमी असेल तर ती हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याने इंजिन थंड करणाऱ्या भागाच्या, तोंडाशी जाऊन बसलेली असते. ती काढली नाही तर नव्या इम्पेलरनेही इंजिन तापते आणि मग माणूस नसलेला दोष शोधत फिरतो. नव्या चाकाला साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावून, फिरण्याच्या दिशेने पीळ देत आत ढकलावे. झाकणाच्या आतल्या बाजूला गोल खाच पडली असेल तर झाकण उलटे बसवून एक सुट्टी निभावते. गॅस्केट मूळच्या जाडीचाच हवा. जाड पुठ्ठा कापून लावला तर चाक आणि झाकण यांत फट राहते आणि पंप पाणी ओढत नाही. इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात मागे पाणी पडले नाही तर बंद करावे. इम्पेलरही दोन सुटे ठेवावेत, कारण पहिला ज्या कारणाने फाटला ते कारण पहिल्या खेपेला सापडेलच असे नाही.

पट्ट्याचे थोडक्यात: मध्यावर अंगठ्याने दाबून सेंटिमीटरभर दबला पाहिजे. इंजिनाभोवती काळी भुकटी दिसली तर पट्टा सैल आहे किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. नव्या पट्ट्याचा नंबर वहीत लिहून ठेवावा, जुन्यावरचा पुसलेला असतो.

विजेकडे जितके लक्ष द्यावे तितके लोक देत नाहीत, कारण ती गळत नाही आणि वासही येत नाही, निदान सुरुवातीला. धक्क्यावरून येणाऱ्या केबलच्या टोकाला पिना किंचित सैल झाल्या, खाऱ्या हवेने काळवंडल्या, की तिथे रोध वाढतो. समजा तो फक्त 0.1 ओहम झाला. 13 अँपिअरचा हीटर चालवला तर त्या मुठीएवढ्या प्लगमध्ये सुमारे 17 वॉट उष्णता साठते. हीटर निम्म्या भारावर ठेवला तर ती चार वॉटवर येते, कारण उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते. पाहुणे आले, हीटर किंवा एसी पूर्ण भारावर, पाणी तापवायची टाकीही चालू, हे रात्रभर चालले की प्लग वितळतो. भार टाकल्यावर अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हाताची पाठ लावावी. कोमट असेल तर ठीक. गरम लागला तर भार कमी करावा आणि धक्क्यावरचा ब्रेकर पाडूनच प्लग काढावा. पिना काळ्या दिसल्या तर केबलचा प्लग आणि बोटीवरचा सॉकेट, दोन्ही बदलावे लागतात; एकच बदलला तर जुना नव्याला खातो.

बॅटरीचा हिशेब सुट्टीआधी एका रात्रीत करता येतो. संध्याकाळी चार्जर बंद करावा, नेहमीसारखे राहावे, सकाळी सगळे दिवे-पंप बंद करून तासाभराने मल्टिमीटर लावावा. 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला 12.7 म्हणजे पूर्ण, 12.2 म्हणजे निम्मी. त्याखाली वारंवार गेली की आयुष्य झपाट्याने घटते. लहान फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. दिवसातले बारा तास चालला तर 54 अँपिअर-तास झाले. 200 अँपिअर-तासांच्या बॅटऱ्यांच्या संचातले वापरता येण्याजोगे 100 धरले तर निम्म्याहून अधिक एकटा फ्रीज खातो. त्यात दार दर दहा मिनिटांनी उघडले जात असेल तर बारा तासांचे अठरा होतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जास्त खोल वापरता येते, मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये.

गॅसच्या बाबतीत आम्ही कसलाही जुगाड मान्य करत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खिडकीतून जात नाही, बिल्जमध्ये उतरून बसतो. गळती तपासायला सिलिंडरचा नळ आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी गॅसची झडप, उघडा, शेगडीचे बर्नर बंद, आणि गेजचा काटा लिहून ठेवावा. मग सोलेनॉइड चालूच ठेवून सिलिंडरचा नळ बंद करावा आणि पंधरा मिनिटे थांबावे. काटा उतरला तर गळती आहे. सांध्यांवर साबणाचा फेस लावून शोधावी, पण अमोनिया असलेले साफसफाईचे द्रावण वापरू नये, त्याने पितळी सांधे तडकतात. गळती सापडली आणि सुटा भाग नसेल तर सिलिंडर बंद करून सुट्टी गॅसशिवाय काढावी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असेल तर त्याच्या पाठीवरची मुदत वाचावी. त्यातला सेन्सर बॅटरी नवी घातली तरी म्हातारा होतो.

पावसात हॅच, म्हणजे छतातली उघडणारी खिडकी, गळू लागली की ट्यूब हातात घेऊन कडेने सिलिकॉन फासण्याचा मोह आवरावा. पाणी जिथे टपकते तिथून ते आत आलेले नसते, ते छताच्या आतून फूट-दोन फूट वाहत आलेले असते. ओल्या पृष्ठभागावर काही चिकटत नाही, आणि सिलिकॉनचा पातळ थर एकदा बसला की पुढे योग्य सीलंटही धरत नाही. पॉलिसल्फाइड जातीचे सीलंट ॲक्रिलिकच्या काचेला खाते. तात्पुरते म्हणून बाहेरून ताडपत्री बांधावी. पक्के काम बोल्ट काढून, भोकाची कड किंचित उतरती करून, ब्यूटाइल टेप लावून कोरड्या दिवशी करावे.

शिडाच्या आणि दोरांच्या बाजूला सुट्टीत काही अचानक होत असेल तर ते विंचचे, म्हणजे दोर ओढण्याच्या हँडलच्या चक्राचे. आतल्या छोट्या खटक्यांना ग्रीस लावलेले असते, ते चिकट होऊन खटका अडकतो आणि हँडल उलटे फिरून मनगट मोडू शकते. खटक्यांना पातळ तेलच लावावे, ग्रीस फक्त दात्यांना. ड्रम उचलण्याआधी भोक पाडलेले पुठ्ठ्याचे खोके विंचवर चढवावे, नाहीतर स्प्रिंग उडून पाण्यात जाते. उभ्या तारेचा एक जरी पदर तुटलेला दिसला तर शीड चढवू नये, एवढेच सांगून थांबतो.

आता सुट्टीत काय उघडू नये ते. घट्ट बसलेला सीकॉक जोराने फिरवू नये. झिंक निघून गेलेले जुने पितळ गुलाबी दिसते आणि बिस्किटासारखे तुटते. एक्झॉस्टच्या कोपऱ्याचे बोल्ट, गंजलेले असतील तर, शिवू नयेत. ॲल्युमिनियमच्या खांबात बसलेले स्टेनलेसचे स्क्रू खाऱ्या पाण्याने एकजीव झालेले असतात, ते तुटतात आणि मग ड्रिल लागते. नौकेवर इंजिनाची खोली म्हणजेच जिना, बाकाखालची टाकी म्हणजेच बिछाना. म्हणून संध्याकाळपर्यंत परत बंद करता येणार नाही असे काम सकाळी उघडू नये, मग हाताशी कितीही वेळ दिसो. अडकलेली नळी पिळून काढू नये, तिला लांबीच्या दिशेने चिरावी. नव्या नळीचे टोक गरम पाण्यात बुडवून साबण लावून चढवावे आणि पाण्याच्या पातळीखाली, सांध्याला जागा असेल तर, दोन क्लॅम्प आवळावेत.

तात्पुरत्या दुरुस्तीला आमचा विरोध नाही. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून तीन-चार थर गुंडाळली तर कमी दाबाची पाण्याची नळी आठवडा काढते. पाण्यातही घट्ट होणारी इपॉक्सीची लगदी पंपाच्या अंगातली चीर बुजवते. पण अशा प्रत्येक जागी कागदी टॅग बांधावा आणि त्यावर तारीख, काय लावले, कुठला भाग मागवायचा हे पेनने लिहावे. दुकाने उघडल्या दिवशी त्या टॅगांपैकी पाण्याच्या पातळीखालचे आधी घ्यावेत, मग गॅस आणि वीज, मग इंजिन. संडास त्यानंतर, घरातली माणसे काहीही म्हणोत.

आपले,
शिडाच्या नौकेवर राहणारे दोन वाचक